एकदा काढलेला फोटो

मीटरकाकांच्या फोटोच्या धंद्यात आधी बोर्ड आला आणि मग धंदा. बाकीच्यांचं बहुधा उलट होत असावं, पण काकांना कुणी विचारलंच नव्हतं.

काकांनी चौतीस वर्षं घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचले. जिन्याखाली, दारामागे, माळ्याच्या कोपऱ्यात, जिथे माणूस वाकल्याशिवाय किंवा स्टुलावर चढल्याशिवाय पोचत नाही, तिथेच लोक मीटर बसवतात. म्हणून ते मीटरकाका. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण पाटी वाचायला कुणाला वेळ नाही. नोकरीत एक नियम होता. दाराला कुलूप असलं की वहीत आकड्याच्या जागी ‘घर बंद’ लिहायचं आणि पुढे जायचं. काकू गेल्यानंतरचं एक वर्ष काकांचं तसंच गेलं. घर बंद. फक्त ते स्वतः आत होते.

मग एका सकाळी त्यांनी जुन्या छंदाचा, वर्षभर न उघडलेला कॅमेरा कपाटातून काढला आणि जिन्यात झोपलेल्या मांजराचा फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याचा. तिसऱ्या दिवशी समोरच्या वहिनी स्वतःच दारात उभ्या राहिल्या. “मांजराचा काढता, दूधवाल्याचा काढता. आम्ही काय घोडं मारलंय?”

फोटो काढायची काकांची एक पद्धत होती. माणसाला समोर बसवायचं, मान सरळ करायला लावायची, “हं, आता हलू नका” म्हणायचं आणि बटण न दाबताच “झालं!” म्हणून टाकायचं. ‘झालं’ ऐकलं की माणूस श्वास सोडतो. खांदे खाली येतात, पोट बाहेर येतं आणि चेहरा पुन्हा त्याचा त्याला मिळतो. काका त्या वेळी बटण दाबायचे. यात फसवणूक आहे असं कुणी म्हटलं तर ते मान्य करत. पण फसवून खरं काढायचं की न फसवता खोटं, एवढाच प्रश्न आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

समोरच्या खोलीतल्या भिंतीवर काकूंचा फोटो होता, तोही असाच निघालेला. कसल्याशा ओळखपत्रासाठी हवा होता. काकू खांबासारख्या ताठ बसल्या. काका “झालं” म्हणाले. “सुटले बाई!” म्हणत काकू मागे रेलून हसल्या, चष्मा घसरला, तो धरायला एक हात वर गेला. क्लिक. ओळखपत्राच्या ऑफिसने तो फोटो तेव्हाच परत पाठवला. दात दिसतात म्हणून. काकूंनी मग बाजारातल्या स्टुडिओत जाऊन मेलेल्या माशासारखा चेहरा करून दुसरा काढला, तो चालला. काकांनी परत आलेला मोठा करून, काच लावून भिंतीवर ठोकला. समोर खिडकी, दुपारी चारपर्यंत उजेड थेट त्या भिंतीवर. घरातली सगळ्यात चांगली जागा.

आता बोर्डाकडे वळू.

सोसायटीचे सेक्रेटरी हे दुसऱ्याच्या घरात काय कमी आहे ते ओळखणारे गृहस्थ. एके दिवशी ते आले आणि म्हणाले, “काका, कला आहे तुमच्या हातात. आणि तुम्ही ती फुकट वाटताय. फुकट मिळालं की माणसाला किंमत राहत नाही.”

“मी कुठे किंमत मागतोय?”

“तेच म्हणतोय मी. मागा!”

रात्री लेकीचा फोन आला. तिला सेक्रेटरींनी आधीच सांगून ठेवलं होतं. “बाबा, करा ना सुरू. चार माणसं घरात येतील, बोलतील. मला इथे रोज वाटतं, तुम्ही नुसते बसून असाल.”

“बसून नसतो. कधी कधी आडवा असतो.”

“बाबा!”

तिने ‘बाबा’ एवढं एका दमात म्हटलं की काका पुढे बोलत नसत. हे ती आईकडून शिकली होती.

आठवड्याने बोर्ड आला. सेक्रेटरींचा मेहुणा बोर्ड रंगवतो, हे तेव्हा कळलं. चार फूट लांब, पिवळ्यावर लाल: ‘मीटरकाका फोटो स्टुडिओ. येथे फोटो काढून मिळतील.’ तो रस्त्याकडच्या खिडकीच्या गजांना तारेने बांधून सेक्रेटरींनी स्वतःच टाळ्या वाजवल्या.

पहिलं गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी आलं. दोन गल्ल्या पलीकडचे एक स्थूल गृहस्थ.

“तुम्हीच फोटो काढून देता ना?”

“हो, बसा.”

“बसायचं कशाला? तुम्हाला घरी यावं लागेल. सासऱ्यांचा आहे.”

“आणता येणार नाही का त्यांना?”

“कसे आणणार? भिंतीवर आहेत. खिळा फार उंच आहे, मला स्टुलावर चक्कर येते. सामान हलवतोय, तेवढा काढून द्या.”

काकांना हे कळायला दोन मिनिटं लागली. मग त्यांनी बोर्ड आठवला, मनात मेहुण्याला नमस्कार केला आणि सरळ चपला घातल्या. स्टुलावर चढण्यात त्यांचा चौतीस वर्षांचा हात होता. त्यांनी सासरे काढून दिले, धूळ पुसून दिली आणि पैसे न घेता परत आले. त्या महिन्यात भिंतीवरून असे तीन फोटो काढले. कॅमेऱ्याने एकही नाही.

बोर्ड रस्त्यावर दिसतो म्हणजे परवाना हवा, हेही सेक्रेटरींनीच सांगितलं, अर्थात बोर्ड लागल्यावर. काका परवाना कार्यालयात गेले. खिडकीमागे एक बाई होत्या. त्यांनी मान वर न करता फॉर्म ओढून घेतला.

“छंद की व्यवसाय?”

“आतापर्यंत छंद.”

“आतापर्यंतचं नका सांगू. रकाना एकच आहे.”

“मग व्यवसाय लिहा.”

“कधीपासून?”

“बोर्ड लागल्यापासून.”

आता बाईंनी मान वर केली. “परवान्याआधी बोर्ड लावलात?”

“फॉर्मवर लिहिलंय की, बोर्डासकट जागेचा फोटो जोडा.”

“जोडायचा. पण लावायचा नाही.”

“न लावलेल्या बोर्डाचा लावलेला फोटो कसा काढू?”

“फोटोवाले तुम्ही की मी?” बाई म्हणाल्या. “आणि अर्जदाराचा स्वतःचा फोटो कुठाय?”

स्वतःचा फोटो! चाळीस वर्षं कॅमेऱ्यामागे उभ्या राहिलेल्या माणसाकडे स्वतःचा फोटो नसतो. घरी येऊन त्यांनी कॅमेरा टेबलावर ठेवला, दहा सेकंदांचं टायमर लावलं, पळत जाऊन खुर्चीत बसले आणि स्वतःलाच म्हणाले, “झालं!” काही झालं नाही. स्वतःला फसवणं जमेना. अकरा फोटो निघाले आणि अकराही फोटोंत परीक्षेला बसलेला म्हातारा. ‘अर्जदाराचा फोटो प्रलंबित’ असा शेरा पडून फाईल खिडकीआड गेली. “पाहणीला माणूस येईल,” एवढं बाईंनी सांगितलं.

पैसे घेऊन काढलेला पहिला फोटो समोरच्या वहिनींचा. त्यांना ओळखपत्राचं नूतनीकरण करायचं होतं. “फुकट नको हं आता,” त्या म्हणाल्या. “आता तुम्ही दुकानदार. माझी हनुवटी एकच दिसली पाहिजे.”

काकांना हे नवीन होतं. इतकी वर्षं लोक फोटो बघून म्हणायचे, “अगंबाई, मी अशी दिसते?” आणि हसायचे. पैसे दिले की तेच लोक म्हणतात, “मी अशी दिसत नाही.” नोटेचा असा काय गुण असावा, कोण जाणे.

उजेड फक्त त्या भिंतीवर. म्हणजे वहिनी खुर्चीत बसल्या की त्यांच्या उजव्या खांद्यावरून काकू हसणार. वहिनींना हे लक्षात आलं. “काका, मागे चादर टाका ना.”

काकांनी चादर आणली. स्टुलावर चढले. हातात चादर धरून काकूंसमोर उभे राहिले. काकूंना तोंडावर पांघरूण घेतलेलं आयुष्यात सहन झालं नव्हतं. जीव घुसमटतो म्हणायच्या. शेवटी काकांनी चादर फोटोच्या खाली दोन खिळ्यांना अडकवली आणि खाली उतरून म्हणाले, “वहिनी, तुम्ही जरा बुटक्या व्हा.”

वहिनी बुटक्या झाल्या, पण “झालं” ऐकताच पुन्हा उंच झाल्या. क्लिक.

पंधरा दिवसांनी ओळखपत्राच्या ऑफिसातून वहिनींचा अर्ज परत आला. त्यावर निळ्या शाईत शेरा होता: ‘अर्जासोबत दोन व्यक्तींचा फोटो जोडला आहे. दुसऱ्या व्यक्तीचा सदर पत्त्यावरील वास्तव्याचा पुरावा सादर करावा.’

वहिनी तो कागद नाचवत आल्या. “बघा तुमच्या धंद्याचे प्रताप! आता कुठून आणू पुरावा?”

काकांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. काकू गेल्यापासूनच्या चौदा महिन्यांत प्रत्येक ऑफिसाने काकूंचं नाव खोडायला कागद मागितले होते. रेशनकार्डावरून, बँकेतून, मतदार यादीतून. हे पहिलं ऑफिस, की जे ती इथे राहते एवढंच सिद्ध करा म्हणत होतं.

“वहिनी,” ते म्हणाले, “हा कागद मला ठेवू द्याल?”

वहिनींचा आवाज एकदम खाली आला. “ठेवा की. मला त्याचं काय लोणचं घालायचंय?” मग जाता जाता दारातून, “पण माझा दुसरा काढायचा हं. एकाच हनुवटीचा.”

लेकीला मात्र फोनवर हे ऐकून हसण्यावारी नेता आलं नाही. “बाबा, माझं ऐका. तो फोटो आतल्या खोलीत लावा. आई अशी खदखदून हसतेय. परके लोक येतात, गेलेल्या माणसाचा असा फोटो कुणी बघितलाय का?”

“मग कसा लावतात?”

“जरा गंभीर असावा.”

“गंभीर एकच आहे तिचा. त्या ओळखपत्रातला. तो तुझ्या आईसारखा दिसत नाही, पोलिसांना हव्या असलेल्या बाईसारखा दिसतो.”

“बाबा, काढा तो. माझ्यासाठी.”

लेक कधी काही मागत नसे. रात्रभर त्यांना ते टोचत राहिलं. आपण हट्टी झालोत की काय? भिंत तर भिंतच. माणूस काय भिंतीवर असतो?

या पेचात असतानाच सोसायटीच्या कमिटीचा ग्रुप फोटो निघाला. वार्षिक अहवालात छापायचा होता. सात जण दोन रांगांत, सेक्रेटरी मधोमध, पोट आत ओढून, जणू बाहेर सोडायला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागणार. काकांनी सवयीने “झालं!” म्हटलं. सात जण सुटले. खजिनदारांचं बोट कानात गेलं. एका सभासदाने शेजारच्याला कोपर मारून सेक्रेटरींकडे डोळ्याने खूण केली. आणि सेक्रेटरींचं पोट असं मोकळं झालं की शर्टाचं तिसरं बटण उडून काचेच्या टीपॉयवर टण्णकन वाजलं. क्लिक.

फोटो उत्तम आला होता. उडालेलं बटणसुद्धा दिसत होतं. त्या सातांना ओळखणाऱ्या कुणीही तो बघून म्हटलं असतं, हो, हेच ते. सेक्रेटरींनी तो टीपॉयवर आपटला.

“ही चेष्टा आहे!”

“तुमचाच फोटो आहे.”

“मी तुम्हाला बोर्ड दिला, काका!”

“तो घेऊन जा.”

सेक्रेटरींनी बोर्ड नेला नाही. त्यांनी परवाना कार्यालयाला पत्र लिहिलं. ‘सदर इसम विनापरवाना स्टुडिओ चालवतो. स्टुडिओच्या भिंतीवर खासगी फोटो असून त्यामुळे नागरिकांची कागदपत्रे नामंजूर होत आहेत.’ आणि अडीच महिने न हललेली फाईल दोन दिवसांत हलली. तक्रारीला पाय असतात. अर्जाला नसतात.

तपासनीस मंगळवारी दुपारी आले. उभट चेहऱ्याचे, काखेत फाईल, तीन जिने चढून दमलेले. मागून सेक्रेटरी आले, त्यांच्या मागून वहिनी, आणि वहिनींच्या मागे मांजर. त्या सकाळीच लेकीचा पुन्हा फोन येऊन गेला होता: “काढून ठेवा बाबा, उगाच परवाना अडायचा.” काका आदल्या दिवसापासून स्टूल भिंतीशीच ठेवून होते. काढायचा असं ऐंशी टक्के ठरलं होतं. उरलेले वीस टक्के कुठे अडकलेत ते त्यांना सापडत नव्हतं.

तपासनीसांनी खोली मोजली, खिडकी मोजली, बोर्ड मोजला. मग भिंतीसमोर थांबले.

“नियम असा आहे, स्टुडिओची पार्श्वभूमी एकरंगी आणि मोकळी हवी. बाकी सगळं ठीक आहे. हा फोटो काढा. मी ‘योग्य’ लिहितो आणि उद्या परवाना घेऊन जा.”

“हा मीच काढलाय,” काका म्हणाले.

“छान आहे. काढा.”

“काढलाय म्हणतोय ना.”

“अहो, काढा म्हणजे उतरवा!”

“दोन मिनिटांचं काम आहे, काका,” सेक्रेटरी म्हणाले. “लोकांच्या सासऱ्यांना काढलंत, तेव्हा बरा हात चालला.”

काका स्टुलावर चढले. त्यांनी दोन्ही हातांनी फ्रेम धरली. इतक्या जवळून चष्म्यावरचा तो हात दिसत होता, बोटाला भाजल्याचा डाग, आणि उघडं तोंड. त्या तोंडातून त्या वेळी निघालेला शब्द काकांनी ऐकला होता. ‘सुटले बाई!’ तिला बांधून बसवली की ती अशीच सुटायची. आणि आता तिला आतल्या खोलीत, कपाटाच्या वर, पाठ वळवून ठेवायची, कशासाठी? दुसऱ्यांच्या हनुवट्या एकेरी दिसाव्यात म्हणून?

त्यांनी खिशातून रुमाल काढला, काच पुसली, आणि खाली उतरले.

“राहिला की,” तपासनीस म्हणाले.

“राहणार. एकदा काढलेला फोटो मी पुन्हा काढत नाही.”

“मग मला ‘अयोग्य’ लिहावं लागेल.”

“लिहा.”

“विचार करा. धंदा बंद होईल.”

“साहेब, मी धंदा सुरू केलाच नव्हता. तो मला तारेने बांधला. मी फोटो काढायचो, कारण मला माणसं बघायला आवडतं. यांनी सांगितलं पैसे घे, म्हणून घेतले. तेव्हापासून मी माणसं बघायचं सोडून भिंत बघतोय. लिहा, अयोग्य. ठळक लिहा.”

सेक्रेटरींनी तोंड उघडलं. वहिनी म्हणाल्या, “तुम्ही बटण सांभाळा,” आणि ते मिटलं.

तपासनीस पेन काढून लिहू लागले. तेवढ्यात काकांनी कॅमेरा उचलला. “साहेब, एक मिनिट.”

“मला नको फोटो.”

“बसा तर. जिने चढून आलायत.”

माणसाला कॅमेरा दिसला की त्याचं काही चालत नाही. तपासनीसांनी कॉलर नीट केली, फाईल छातीशी धरली, खुर्चीच्या टोकावर बसले आणि चेहऱ्यावर अख्खं कार्यालय आणलं.

“हलू नका. हं. झालं!”

तपासनीसांचे खांदे पडले. फाईल मांडीवर आली. “हुश्श,” ते म्हणाले. “पाणी मिळेल का जरा?”

क्लिक.

रविवारी तपासनीस साध्या कपड्यात प्रत न्यायला आले. फोटोत एक दमलेला, भला माणूस पाण्याची वाट बघत होता आणि त्याच्या खांद्यावरून काकू हसत होत्या. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला.

“या माझ्यावर हसतायत का?”

“सगळ्यांवरच हसायची. मनाला लावून घेऊ नका.”

“बायकोला दाखवतो. ती म्हणते, मी घरीसुद्धा ऑफिसातच असतो.” त्यांनी पाकिटाला हात घातला. काकांनी नुसती मान हलवली. मग तपासनीसांनी खाली बघत सांगितलं, “काका, एक राहिलंय. परवाना नामंजूर झालाय, पण व्यवसायाची नोंद तशीच आहे. ती बंद करायला व्यवसाय बंदीचा अर्ज लागतो.”

“जो सुरूच झाला नाही, तो?”

“हो. आणि त्याला अर्जदाराचा फोटो लागतो.”

पुढच्या आठवड्यात लेक आली. तोंड पाडूनच आली होती. बॅग खाली ठेवली आणि भिंतीकडे बघून म्हणाली, “नाहीच काढलात.”

“नाही.”

“मी इतकं सांगून.”

“तू सांगितलंस म्हणून स्टुलावर चढलो. तूही चढ. जवळून बघ आणि मग सांग. तू म्हणशील तर काढतो.”

ती चढली. काका स्टूल धरून खाली उभे होते, त्यामुळे त्यांना तिचे फक्त पाय दिसत होते. वरून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “बोटाला लागलेलं ते माझं दूध उतू गेलं तेव्हाचं.”

“तेव्हाचंच.”

ती उतरली. कॅमेरा उचलला. “बसा तिथे. अर्जाला फोटो हवाय ना?”

“माझा नीट येत नाही.”

“बसा म्हणते ना! बाबा!”

काका बसले. खांबासारखे ताठ. लेकीने एक डोळा मिटला, इकडे सरकली, तिकडे सरकली, “हलू नका” म्हणाली, आणि मग म्हणाली, “झालं.”

चाळीस वर्षं ज्या शब्दाने त्यांनी लोकांना फसवलं, त्या शब्दाला काका स्वतः फसले. “सुटलो बाई!” ते म्हणाले आणि मागे रेलले. क्लिक.

व्यवसाय बंदीचा अर्ज त्यांनी स्वतः भरला. ‘बंद करण्याचे कारण’ या रकान्यात ‘छंद सुरू करणे’ असं लिहिलं. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज ओढला, फोटो बघितला, आणि चष्म्यावरून काकांकडे बघितलं.

“यात दोन व्यक्ती आहेत.”

“शेरा वाचा,” काका म्हणाले.

खाली शेऱ्याच्या जागी, मीटरचे आकडे लिहायचे तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: ‘अर्जासोबत दोन व्यक्तींचा फोटो जोडला आहे. चुकून नव्हे.’